अंगणातला फोटो फसतो, ओसरीवरचा का जमतो?

प्रश्न : माझ्याकडे बऱ्यापैकी चांगल्या कॅमेऱ्याचा मोबाईल आहे. सुट्टीत गावी गेलो की आजी-आजोबांचे आणि मुलांचे फोटो अंगणात, भरपूर उजेडात काढतो. तरी डोळ्यांखाली काळे डाग येतात, नाकाची सावली ओठांवर पडते आणि सगळे डोळे मिचकावतात. त्याच माणसाचा ओसरीवर सहज काढलेला फोटो मात्र सुरेख येतो. उजेड जास्त तिथे फोटो वाईट आणि कमी तिथे चांगला, असे का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : तुमचे निरीक्षण अगदी अचूक आहे. घराबाहेर माणसांचे चांगले फोटो काढण्याचे निम्मेअधिक शास्त्र त्यातच आले. उजेड किती आहे याला फारसे महत्त्व नाही. तो केवढ्या जागेतून आणि कोणत्या बाजूने येतो, यावर चेहरा कसा दिसेल ते ठरते.

पौर्णिमेच्या रात्री हात लांब करून करंगळीने चंद्र झाकून पाहा. तो सहज झाकला जातो. सूर्यही आकाशात तेवढाच दिसतो, जेमतेम अर्धा अंश. एवढ्याशा ठिकाणाहून प्रखर प्रकाश येतो, म्हणून भुवया, नाक आणि हनुवटीच्या सावल्यांच्या कडा धारदार पडतात. ओसरीवर बसलेल्या माणसाला सूर्य दिसतच नाही. त्याच्यापुढे मोकळे आकाश आणि उन्हाने उजळलेले अंगण असते. छपराच्या कडेपासून जमिनीपर्यंतच्या साऱ्या मोकळ्या भागातून त्याच्या चेहऱ्यावर प्रकाश येतो आणि एका बाजूने पडलेली सावली दुसऱ्या बाजूच्या उजेडाने भरून निघते. शिवाय वरचा उजेड छप्पर अडवते. त्यामुळे प्रकाश समोरून, डोळ्यांच्या खोबणीपर्यंत पोहोचतो आणि बुबुळांत आकाशाचा लहानसा उजळ ठिपका उमटतो. चेहरा जिवंत वाटतो तो या ठिपक्यामुळे.

अंगणातला फोटो फसण्यात आपल्या भूगोलाचाही वाटा आहे. महाराष्ट्रात मे महिन्यात आणि पुन्हा जुलै-ऑगस्टमध्ये असे दिवस येतात, की दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. शाळांना सुट्टी लागते, माणसे गावी जमतात, तो नेमका हा मे महिना. याउलट डिसेंबरच्या उत्तरार्धात पुण्यात भर दुपारीही सूर्य ४८ अंशांच्या वर चढत नाही. हिवाळ्यातले फोटो बरे येण्याचे ते एक कारण आहे.

सकाळ-संध्याकाळचे सोनेरी ऊन फोटोसाठी उत्तम, हे तुम्ही वाचले असेल. ते खरेच आहे, पण युरोपातल्या छायाचित्रकारांनी सांगितलेली वेळ आपल्याकडे लागू करू नका. मार्चमध्ये दिवस-रात्र समान असताना सूर्योदयानंतर तासाभरात पुण्यात सूर्य सुमारे १४ अंश वर येतो, लंडनमध्ये नऊ. आपल्याकडे तो अधिक सरळ वर चढतो, म्हणून ते ऊन लवकर संपते. मंडळी तयार होऊन बाहेर येईपर्यंत वेळ निघून जाते. अशा वेळी ओसरीसारखा आधार दुसरा नाही.

आता ती वापरायची कशी ते सांगतो. आजोबांना छपराच्या सावलीत, पण उन्हाच्या रेषेपासून हातभरच आत बसवा आणि तुम्ही अंगणात उभे राहा. मागे घरातला अंधार राहील आणि त्यावर चेहरा आपोआप उठून दिसेल. तोंड थेट अंगणाकडे असेल तर चेहरा सपाट वाटतो. तो थोडा एका बाजूला वळवायला सांगा. एका गालावर हलकी छटा आली की सुरकुत्या, गालफडे, नाकाचा बाक दिसू लागतो. छटा फारच गडद झाली तर त्या बाजूला, चौकटीबाहेर, कुणाला तरी पांढरे धोतर किंवा चादर पसरून धरायला लावा. जमिनीकडेही लक्ष असू द्या. कोकणातल्या लाल मातीचा रंग हनुवटीखाली उतरतो, तसा हिरवळीचाही. झाडाखालची सावली मात्र फसवी असते, कारण पानांतून गळणारे कवडसे चेहऱ्यावर ठिपके पाडतात. झाड दाट असेल तरच तिथे जा.

थोर छायाचित्रकारांनीही सावलीच निवडली आहे. अमेरिकन छायाचित्रकार रिचर्ड अ‍ॅव्हेडनने १९७९ ते १९८४ या काळात अमेरिकेच्या पश्चिम भागातले खाणकामगार, ट्रकचालक, भटके यांचे फोटो काढले. जवळ आठ बाय दहा इंची फिल्मचा अवजड कॅमेरा आणि मागे लावायला पांढरा कागद, एवढेच. हा कागद तो मुद्दाम सावलीतल्या भिंतीवर लावत असे. उन्हातल्या सावल्या आणि झळाळी बघणाऱ्याने कुठे पाहायचे ते ठरवून टाकतात, ते त्याला नको होते. कॅमेऱ्याच्या मागे न लपता तो बाजूला उभा राही, म्हणजे समोरच्याला यंत्राऐवजी माणूस दिसे. ही गोष्ट तुम्हालाही करता येईल. मोबाईल छातीशी धरा आणि बोलताना आजोबांच्या डोळ्यांत बघा, पडद्यावर नको.

त्यांच्या डोक्यावर पांढरी टोपी आणि अंगात पांढरा सदरा असेल, तर आणखी एक अडचण येते. समोरचे दृश्य सरासरी मध्यम उजळ आहे असे कॅमेरा धरून चालतो. खूप पांढरे दिसले की तो सगळेच गडद करतो आणि सावळा चेहरा काळवंडतो. पडद्यावर चेहऱ्याला बोट लावा आणि उजेडाची खूण थोडी वर सरकवा. सदऱ्याची थोडी घडी पांढरी फटक झाली तरी चालेल, चेहरा दिसला पाहिजे. उलट गडद कपडे असतील तर उजेड किंचित कमी करा.

सावली मिळालीच नाही, शेतात किंवा समुद्रकाठी असाल, तर माणसाची पाठ उन्हाकडे करा. डोळे मिचकावणे थांबते आणि केसांना उजळ कड येते. इथेही बोट चेहऱ्यालाच लावायचे, आणि भिंगावर ऊन पडू नये म्हणून दुसऱ्या हाताचा आडोसा धरायचा.

चेहरा वेडावाकडा दिसण्याचे दुसरे मोठे कारण अंतर आहे. नाकाच्या शेंड्यापासून कानापर्यंत साधारण १२ सेंटिमीटर अंतर असते. मोबाईल ४० सेंटिमीटरवर धरला तर कानाच्या मानाने नाक जवळजवळ तीस टक्के मोठे दिसते. दोन मीटर अंतरावर गेलात की हा फरक सहा टक्क्यांवर येतो. म्हणून मागे जा आणि दुप्पट किंवा तिप्पट झूम वापरा. कॅमेरा समोरच्याच्या डोळ्यांच्या उंचीवर हवा. लहान मुलांसाठी गुडघ्यांवर बसायला कंटाळू नका, उभ्याने काढलेल्या फोटोत मूल केविलवाणे दिसते.

बसण्या-उभे राहण्याचे फार नियम मला पटत नाहीत. खांदे कॅमेऱ्याला थोडे तिरके, भार एका पायावर आणि हनुवटी किंचित पुढे व खाली, एवढे पुरे. खरा प्रश्न हातांचा असतो. रिकामे हात माणसाला अवघडून टाकतात. आजीच्या पुढ्यात निवडायच्या भाजीचे ताट ठेवा, आजोबांना अडकित्ता द्या, आणि कॅमेऱ्याकडे बघा असे म्हणूच नका. काम थांबवून ती सहज वर बघते, त्या क्षणी फोटो घ्या.

चौकटीचे दोनच दंडक पाळा. डोक्यामागून विजेचा खांब किंवा दाराची कड निघालेली नसावी, आणि मनगट, कोपर, गुडघा अशा सांध्यांवर चौकट तोडू नये. बाकी जागा किती सोडायची ते तुमच्या नजरेला ठरवू द्या.

यंदा गावी जाल तेव्हा मंडळी जमण्याआधी एकटेच घराभोवती फिरा. कोणत्या वेळी कुठल्या दारात, कुठल्या कट्ट्यावर उजेड कसा येतो ते बघून ठेवा आणि मगच माणसाला तिथे बोलवा. जमलेला एक तरी फोटो कागदावर छापून आजी-आजोबांच्या हातात द्या. मोबाईलमधले फोटो त्यांना पुन्हा बघायला मिळत नाहीत.