धन्याचें वर्तन व चाकराचें वाचन

ज्याच्या हाताखालीं चार माणसें काम करितात, त्याला असें वाटत असतें कीं, आपण तोंड उघडतों तेव्हांच आपण बोलतों. ही समजूत बरोबर नाहीं. धनी सकाळीं किती वाजतां आला, आल्यावर प्रथम कोणाकडे पाहिलें, नुकसानीची बातमी आणणाऱ्याला काय उत्तर दिलें, मजुरीचे पैसे हातावर ठेविले कीं पुढें टाकिले, हें सर्व त्याचे चाकर पाहत असतात. आणि त्या पाहण्यांतून या ठिकाणीं काय खपतें व काय खपत नाहीं हें ते ठरवितात. ज्यांस अक्षर येत नाहीं तेही हें वाचन बिनचूक करितात. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळजण कोणाच्या तरी चाकरींत आहेत, आणि त्यांतलेच कित्येक लावणी-कापणीच्या दिवसांत आपल्या शेतावर मजूर लावितात. म्हणजे ते धन्याच्याही जागीं आहेत आणि चाकराच्याही. म्हणून हा विषय आज थोडा विस्तारानें घेत आहों.

भाईंदर स्टेशनावर पश्चिमेस उतरलें म्हणजे राई, मुर्धा, मोर्वा या गांवांवरून उत्तनकडे रस्ता जातो. या खाडीकांठीं मिठागरांचा धंदा फार जुना. आज तेथें इमारतींची दाटी झाली आहे व पुष्कळ आगरें ओस पडलीं आहेत. तथापि त्या धंद्याची रीत समजून घेतली म्हणजे आमचा मुद्दा सोपा होतो. पावसाळा सरला कीं बांध दुरुस्त करावयाचे, वाफ्यांची जमीन चोपून पक्की करावयाची, भरतीचें पाणी उघाडींतून आंत घ्यावयाचें, तें एका वाफ्यांतून दुसऱ्या वाफ्यांत नेत उन्हानें दाट होऊं द्यावयाचें, आणि अखेरच्या उथळ वाफ्यांत मीठ धरलें म्हणजे तें ओढून बांधावर त्याचे ढीग घालावयाचे. पावसाची पहिली मोठी सर येण्यापूर्वीं माल उचलला गेला पाहिजे, नाहीं तर झांकला तरी पाहिजे. काम उन्हाचें, अनवाणी पायांचें. खाऱ्या पाण्यानें टांचा फुटतात व त्या भेगांत मीठ झोंबतें.

या सर्व खटाटोपाचा जीव बांधांत असतो. बांधाला खेकडे बिळें पाडितात. बीळ बोटाएवढें असतें तोंवर मूठभर चिखलानें बुजतें. परंतु अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाचें पाणी त्यांतून एकदां वाहूं लागलें कीं माती कापली जाते, खांड पडते, आणि कित्येक दिवस उन्हांत तापविलेलें पाणी एका रात्रींत पुन्हा पातळ होतें.

आतां तें बोटाएवढें बीळ प्रथम कोणाच्या नजरेस पडतें? मालकाच्या नाहीं, मुकादमाच्याही क्वचितच. तें पडतें पाण्यांत उभ्या असलेल्या मजुराच्या नजरेस. त्यानें तें सांगावें कीं न सांगावें, हा खरा प्रश्न आहे, आणि त्याचें उत्तर तो आज देत नाहीं. मागें केव्हां तरी दिलेलें असतें. समजा, मागल्या हंगामांत एकानें असें बीळ दाखविलें, तेव्हां मुकादम त्यावरच उसळला, "तुझे डोळे कोठें होते?" असें म्हणाला, आणि काम सुटल्यावर त्याच्याचकडून फुकट चिखल ओढविला. कोणास मार बसला नाहीं. "बीळ दिसल्यास कळवूं नये" असा हुकूम कोणीं काढिला नाहीं. तरी तो हुकूम निघाला, आणि आगरावरच्या प्रत्येकास पोंचला. पुढील हंगामांत बीळ वीसजणांस दिसतें व वीसहीजण पाठ फिरवितात. उधाण येतें, बांध जातो, आणि मुकादम कपाळाला हात लावून म्हणतो कीं, हीं माणसें निमकहराम आहेत, एकानेंही तोंड उघडलें नाहीं. आमच्या मतें तीं माणसें फारच आज्ञाधारक होतीं.

याच्या उलट, बीळ दाखविणाऱ्याबरोबर जो मुकादम पायताण काढून स्वतः चिखलांत उतरतो, आणि संध्याकाळीं मालकापुढें त्या मजुराचें नांव घेतो, त्यालाही दुसरें कांहीं सांगावें लागत नाहीं. त्याच्या आगरावर बिळें कमी पडतात असें नाहीं. लवकर दिसतात इतकेंच.

भाईंदरचें दुसरें नांव झालें तें स्टीलच्या भांड्यांमुळें. अशीं भांडीं करणाऱ्या लहान कारखान्यांत पत्रा दाबण्याचीं यंत्रें असतात, आणि यंत्राच्या जबड्यापुढें हात जाऊं नये म्हणून आडोसा बसविण्याची सोय असते. आडोसा बसविला कीं काम थोडें मंदावतें. आतां कोठल्याही अशा कारखान्याची कल्पना करा. भिंतीवर "बोटें सांभाळा" अशी पाटी आहे. परंतु मालक संध्याकाळीं येतो तो नग मोजतो, आणि ज्यानें सर्वांत अधिक नग काढिले त्याच्या पाठीवर थाप मारितो. त्यानें आडोसा काढून ठेविला होता हें मालकास दिसलें, व त्यानें तिकडे डोळेझांक केली. दुसऱ्या दिवशीं किती आडोसे जागेवर राहतील? पाटीला फक्त अक्षरें असतात. थाप मात्र सगळ्यांस ऐकूं येते. पुढें एखाद्या पोराचीं दोन बोटें गेलीं म्हणजे पाटीकडे बोट दाखविण्यांत येतें. आम्हांस हा प्रकार अत्यंत क्रूर वाटतो.

हुकूम आणि वर्तन यांतील हा फरक ज्यानें पुरता ओळखला होता असा एक धनी महाराष्ट्रांत होऊन गेला. कोल्हापूरचे छत्रपती शाहू महाराज यांनीं १८९४ पासून १९२२ पर्यंत राज्यकारभार चालविला. कागदी हुकूम त्यांनीं थोडे काढिले नाहींत. १९०२ च्या जुलै महिन्यांत सरकारी नोकऱ्यांपैकीं निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांसाठीं राखण्याचा हुकूम निघाला. १९१९ च्या जानेवारींत दवाखाने, शाळा, कचेऱ्या येथें अस्पृश्य मानलेल्या लोकांस बरोबरीनें वागवावें, ज्या अधिकाऱ्यांस हें मान्य नसेल त्यांनीं नोकरी सोडावी, असें बजावण्यांत आलें. परंतु हुकूम कचेरीपर्यंत जातो, आणि महाराजांच्या स्वतःच्या पागेंत काय चाललें होतें तें पाहा.

त्या पागेंत गंगाराम कांबळे नांवाचा एक महार चाकर होता. वरच्या मानलेल्या जातींच्या चाकरांसाठीं असलेल्या हौदाच्या पाण्यास त्यानें हात लाविला, एवढ्यावरून इतर चाकरांनीं त्यास बेदम मारिलें. महाराज तेव्हां कोल्हापुरांत नव्हते. परत आल्यावर त्यांस हें समजलें; त्यांनीं दोषी लोकांस शासन केलें, आणि गंगारामास चाकरींतून मोकळें करून स्वतःचा धंदा काढावयास मदत दिली. गंगारामानें कोल्हापुरांत चहाचें दुकान घातलें. दुकान स्वच्छ होतें, पण महाराच्या हातचा चहा घ्यावयास स्पृश्य म्हणविणारें गिऱ्हाईक येईना.

या ठिकाणीं आणखी एक हुकूम काढतां आला असता. "सर्वांनीं गंगारामाच्या दुकानांत चहा घ्यावा" असा हुकूम निघाला असता तर लोकांनीं तो पाळल्याचें सोंग केलें असतें व घरीं जाऊन आंघोळ केली असती. महाराजांनीं काय केलें, तर गाडी त्या दुकानापुढें उभी करविली, आणि रस्त्यावर सर्वांच्या देखत गंगारामाकडून चहा मागून घेतला. बरोबर सरदार, कामदार, हुजरे असत. छत्रपतींनीं कप ओठांस लाविल्यावर ते नाहीं कसें म्हणणार? ज्यांस महाराजांची सही पाहिजे त्यांस तेथेंच गांठावें लागे व तोच चहा घ्यावा लागे, असें कोल्हापुरांत आजही सांगतात. पुढें गंगारामास सोडावॉटरचें यंत्रही महाराजांनीं घेऊन दिलें. दुकानाचें नांव "सत्यसुधारक" असें होतें.

या गोष्टींत बारकाईनें पाहण्यासारखें असें आहे कीं, महाराज एकदांच गेले नाहींत. एकदां घेतलेला चहा हा समारंभ झाला असता. त्या दिवशीं टाळ्या पडल्या असत्या, आणि दुसऱ्या दिवशीं कामदारांनीं एकमेकांस डोळा मारिला असता. चाकर लोक एका दिवसावर विश्वास ठेवीत नाहींत. धनी पुन्हा तसाच वागतो काय, कोणी पाहत नसतांना वागतो काय, आणि त्याचें स्वतःचें कांहीं वेंचत असतांना वागतो काय, हें ते थांबून पाहतात. मोठ्या माणसाच्या एका दिवसाच्या साधेपणावर आपल्याकडे फार लौकर लेख लिहिले जातात, हें जातां जातां म्हटल्यावांचून राहवत नाहीं.

चहाचा खर्च थोडा. कांहीं गोष्टींस पैका मोजावा लागतो. नागपूरची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजीं सुरू झाली. गांवाकडून आलेले कामगार वाटेल तेव्हां गैरहजर राहत, ही तेथील पहिली मोठी अडचण होती. जमशेटजी टाटा यांनीं नुसत्या दंडावर भिस्त न ठेवितां बक्षिसें ठेविलीं, १८८६ सालीं निवृत्तिवेतनाचा फंड उघडला, आणि १८९५ सालीं अपघातांत सांपडलेल्यास भरपाई देण्याची व्यवस्था केली. अशी भरपाई देण्याचा कायदा हिंदुस्थानांत १९२३ सालीं झाला, हें ध्यानांत घेतलें म्हणजे त्या कामाची किंमत कळते. जो कामगार स्वतःला चार महिन्यांचा पाहुणा समजत होता, त्याला "तूं येथें म्हातारा होशील असें आम्ही धरून चाललों आहों" असें यांतून समजलें. असें वाक्य तोंडानें सांगून कोणास खरें वाटलें असतें?

विश्वासाचेंही तसेंच. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनीं १९१० सालीं औंध संस्थानांतील कुंडलजवळच्या निवडुंगाच्या माळावर नांगराचा कारखाना नेला. रात्रीच्या पहाऱ्यासाठीं त्यांनीं तुरुंग भोगून आलेले लोक नेमिले. ज्याच्याकडे सारें गांव चोर म्हणून पाहतें त्याच्या हवालीं आपला माल करणें, याहून स्पष्ट बोलणें कोणतें? त्याच औंधच्या राजेसाहेबांच्या, म्हणजे भवानराव पंतप्रतिनिधींच्या, संस्थानांत १९३९ सालीं आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसलें. तेथें भिंती व गज नाहींत, कैदी शेती करून आपल्या बायकामुलांसह राहतात. याच राजेसाहेबांनीं शाळांतून सूर्यनमस्कार सुरू केले, पण त्यापूर्वीं स्वतः कित्येक वर्षें रोज घातले होते. मास्तरांस ती गोष्ट ठाऊक होती, आणि पोरांसही.

विलायतेंतील एका गिरणीमालकाची युक्ति येथें सांगण्यासारखी आहे. स्कॉटलंडांतील न्यू लॅनार्क येथें रॉबर्ट ओवेन यानें प्रत्येक कामगारापाशीं चार रंगांचा एक लहान लांकडी ठोकळा टांगिला होता. कालचें काम वाईट असल्यास काळी बाजू पुढें, त्याहून बरें असल्यास निळी, मग पिवळी, आणि उत्तम असल्यास पांढरी. ओवेन गिरणींतून चालत जाई. तो रंगाकडे पाही, मग माणसाकडे पाही, आणि एक शब्दही न बोलतां पुढें जाई. मारझोड व शिवीगाळ चालत असलेल्या त्या काळांत ही सुधारणा खरीच. तरी आमच्या मनांत असें येतें कीं, ओवेनच्या गैरहजेरीचा अर्थ सांगणारा ठोकळा मात्र कोठेंच टांगलेला नव्हता.

येथेंच धन्याची खरी अडचण आहे. चाकराचें वाचन बिनचूक असतें असें आम्ही वर म्हटलें; तें धन्याच्या नेहमींच्या संवयीविषयीं. एखाद्या दिवसाविषयीं तें साफ चुकूं शकतें. मालकाची दाढ दुखत आहे, किंवा सावकाराचा तगादा आला आहे, म्हणून तो सकाळीं कोणाशीं न बोलतां आंत जातो. बाहेरच्या चौघांस वाटतें, आपल्यांतला एक आज कामावरून जाणार. दुपारपर्यंत प्रत्येकानें दुसऱ्याविषयीं संशय घेतलेला असतो, आणि कोणी एक मालकाच्या कानाशीं लागावयास निघालेला असतो. "आज माझें चित्त ठिकाणावर नाहीं, तुमच्यावर राग नाहीं," एवढे शब्द वेळेवर बोलले असते तर हें सर्व टळतें. शब्द निरुपयोगी आहेत असें आमचें म्हणणें मुळींच नाहीं. जेथें वर्तनाचा अर्थ दोन प्रकारें लागतो तेथें शब्दच पाहिजेत.

कानाशीं लागणाऱ्यांविषयीं मात्र शब्दांचा उपयोग नाहीं. "मला चहाड्या आवडत नाहींत" असें सगळेच धनी म्हणतात. चहाडी आणणारा दारांत किती वेळ उभा राहिला, आंत बसला काय, आणि त्यानंतर कोणाचें काम बदललें, यावरून त्या म्हणण्याची परीक्षा होते.

आपल्या गांवांतही हें सर्व लहान प्रमाणावर चालतेंच. लावणीला मजूर बोलाविले तर त्यांची भाकर कोठें वाढिली जाते? घरच्या माणसांसमोर ओटीवर, कीं गोठ्याच्या बाजूस? पाणी त्याच तांब्यानें दिलें जातें काय? बाईमाणसास तिची मजुरी तिच्या हातांत मिळते, कीं नवऱ्याच्या? मजूर लावणारा ठरलेल्या दिवशीं पैसे देतो, कीं दोन हेलपाटे घालावयास लावितो? ज्या मजुरास दोन हेलपाटे पडले, त्यानें पुढल्या वर्षीं तुमच्या शेताच्या बांधावर फूट दिसली तर ती दाखवावी अशी अपेक्षा कशाच्या जोरावर करावयाची? हे प्रश्न रात्रीच्या वर्गांत चर्चेसाठीं घ्यावे. मात्र वर्गांत मजूर लावणारे व मजुरीस जाणारे दोघेही बसलेले असतील, तर पहिल्यांनीं आधीं बोलूं नये. आणि दुसऱ्यांपैकीं कोणी खरें बोललाच, तर उद्यां त्याला कामावर बोलावणें येतें कीं नाहीं, हें वर्गांतील बाकीचे लोक बघत असतील.