यंत्राच्या स्मृतीत मराठी शब्दांचे काय होते

भाषिक प्रारूपावर चालणाऱ्या एजंटाला, म्हणजे सोपवलेले काम स्वतः पायऱ्या आखून पार पाडणाऱ्या प्रोग्रामला, स्वतःची अशी स्मृती नसते; नव्या सत्रात त्याच्यापुढे जेवढा मजकूर ठेवला जाईल तेवढ्यावरच त्याचे काम चालते, आणि आधीच्या सत्रातले निर्णय, फेटाळलेले पर्याय व अर्धवट राहिलेली कामे त्याला पुन्हा सांगावी लागतात. सगळा जुना मजकूर दर वेळी पुढे ठेवावा, तर एका वेळी किती मजकूर घेता येईल याला मर्यादा असते (या अवकाशाला कॉन्टेक्स्ट विंडो म्हणतात), शिवाय लांबलचक मजकुराच्या मधोमध असलेली माहिती प्रारूपांकडून अनेकदा निसटते, हे २०२३ मधील संशोधनात दिसून आले आहे. त्याच वर्षी बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनी मेमजीपीटी ही रचना मांडली आणि ऑपरेटिंग सिस्टिम जशी मर्यादित मुख्य स्मृती व बाहेरचा साठा यांच्यात माहितीची ने-आण करते, तशीच ने-आण प्रारूपासाठीही करता येईल असे सुचवले. कमांड लाइनवरून चालणारी आजची स्मृतिसाधने हीच गरज अधिक साधेपणाने भागवतात. प्रत्येक नोंदीला प्रकार, तारीख, स्थिती आणि इतर नोंदींशी असलेला संबंध जोडून ती डेटाबेसमध्ये ठेवायची, आणि ती घालणे, शोधणे, रद्द ठरवणे ही कामे एजंटाने टर्मिनलमध्ये कमांड देऊन स्वतः करायची, अशी ही संरचित स्मृती असते. यांतील बरीच साधने एसक्यूलाइट हा एकाच फाइलीत मावणारा डेटाबेस वापरतात.

साधन बसवणे फारसे अवघड नसते. प्रोग्राम उतरवून घ्यावा, प्रकल्पाच्या फोल्डरात आरंभाची कमांड द्यावी आणि एजंट ज्या सूचनाफाइलीने सुरुवात करतो तिच्यात कामापूर्वी नोंदी शोधण्याचा व कामानंतर नोंद करण्याचा आदेश लिहावा, एवढ्यावर काम भागते. खरी परीक्षा शोधाची असते, आणि पैसे घेऊन साधन बसवून देणारे नेमकी तीच मराठीत घेत नाहीत.

प्रस्तुत लेखिकेच्या कार्यालयात नागरी सेवांच्या मराठी माहितीपुस्तिका तयार होतात. तेथे असे साधन बसवून देणाऱ्या सल्लागारांनी प्रात्यक्षिकात 'पाणी' हा शब्द शोधून दाखवला असता 'पाण्याची', 'पाण्यासाठी' अशी रूपे असलेल्या नोंदीही आल्या, आणि साधनाला मराठीची विभक्तिरूपे समजतात असे त्यांनी उपस्थितांना छातीठोकपणे सांगितले. पुढे काम सुरू झाल्यावर एजंटाने पाणीपट्टीवरील सवलतीच्या मजकुरात एक असंबद्ध तारीख घातली. शोधासाठी त्याने दिलेली कमांड तपासली असता 'पाणी' आणि 'मुदत' या दोन शब्दांना उत्तर म्हणून सर्वांत वर पुण्यातील एका बैठकीची नोंद आलेली आढळली, जिच्यात पाण्याचा उल्लेखही नव्हता. नुसता 'पाणी' शब्द शोधल्यावर पुणे आले, पुण्याच्या बैठका आल्या, पेण येथील कार्यशाळाही आली. ज्या गोष्टीला प्रात्यक्षिकात व्याकरणाचे ज्ञान म्हटले गेले होते, ते व्याकरण नव्हतेच. काना, मात्रा, वेलांटी आणि उकार बाजूला पडल्यावर हे सारे शब्द यंत्राला एकसारखेच दिसत होते.

कारण शोधायला सल्लागाराची गरज पडली नाही, कारण ते एसक्यूलाइटच्या दस्तऐवजात लिहिलेले आहे. या डेटाबेसच्या पूर्णमजकूर शोधाची सोय, जिला एफटीएस५ म्हणतात, मजकुराचे शब्द पाडण्यासाठी टोकनायझर नावाचा घटक वापरते. युनिकोड६१ हा तिचा मूळ टोकनायझर युनिकोडमध्ये अक्षर किंवा अंक या वर्गांत मोडणारी चिन्हेच शब्दाचा भाग मानतो (खासगी वापराच्या चिन्हांचा एक किरकोळ वर्ग सोडल्यास) आणि बाकी सर्व चिन्हांपाशी शब्द तोडतो. देवनागरीतील व्यंजने व स्वतंत्र स्वर अक्षरांच्या वर्गात आहेत. काना, वेलांटी, उकार, मात्रा, अनुस्वार आणि व्यंजनाचा पाय मोडणारे चिन्ह ही मात्र जोडचिन्हांच्या वर्गात येतात. त्यामुळे 'पाणी' या शब्दातून 'प' आणि 'ण' असे दोन तुकडे उरतात, आणि 'पुणे' व 'पेण' यांतूनही तेच दोन तुकडे त्याच क्रमाने उरतात.

हे सोदाहरण लिहून कळवल्यावर सल्लागारांनी आधी फाँटचा दोष सांगितला, नंतर टंकलेखनाची पद्धत चुकीची ठरवली, आणि दोन्ही दावे टिकले नाहीत तेव्हा नोंदी इंग्रजीत करण्याचा सल्ला दिला. पडद्यावर मराठी नीट दिसते म्हणजे युनिकोड चालते, आणि युनिकोड चालते म्हणजे शोध चालतो, हा त्यांचा युक्तिवाद शेवटपर्यंत कायम होता. वास्तविक दिसणे आणि शोधले जाणे या सर्वस्वी वेगळ्या क्रिया आहेत, आणि हे काम व्यवसाय म्हणून करणाऱ्याला तो फरक माहीत असणे ही किमान अपेक्षा आहे. नोंदी इंग्रजीत करण्याची सूचना तर कार्यालयाच्या कामाच्या मुळावरच येणारी होती, कारण एजंटाच्या नोंदी पडताळणारी माणसे मराठीत वाचतात व मराठीतच निर्णय घेतात, आणि पडताळता न येणारी स्मृती बाळगण्यापेक्षा ती नसलेली बरी.

दुरुस्ती सल्लागारांविना झाली. टोकनायझरला कॅटेगरीज नावाचा पर्याय देता येतो, आणि त्यात मूळ वर्गांच्या जोडीला एमएन व एमसी हे जोडचिन्हांचे वर्ग लिहिले की मराठी शब्द अखंड राहतात. मात्र आधीच तयार झालेल्या शोधसूचीवर या बदलाचा परिणाम होत नाही. सूचीचा तक्ता काढून टाकून नव्याने बांधावा लागतो, आणि त्यापूर्वी मूळ नोंदी वेगळ्या तक्त्यात सुरक्षित आहेत याची खात्री करावी लागते.

एवढ्यानेही प्रश्न संपत नाही. 'दुसऱ्या' यासारख्या शब्दांतील अर्धा र काही कीबोर्ड नुक्ता असलेल्या ऱ पासून घडवतात, तर काही साध्या र ला पायमोड चिन्ह व शून्यरुंदीचे जोडक लावून घडवतात. डोळ्यांना बहुधा दोन्ही सारखेच दिसतात, पण हे जोडक वरील कोणत्याच वर्गात बसत नसल्याने शब्द तेथे पुन्हा तुटतो, आणि युनिकोडच्या प्रमाणीकरणाने ही दोन रूपे एक होत नाहीत. म्हणून नोंद साठवतानाच दुसरे रूप पहिल्यात बदलावे, आणि शोधाच्या शब्दांनाही तोच नियम लावावा. विभक्तीसाठी सूचनाफाइलीत एजंटाला शब्दाचा आरंभ देऊन शेवटी तारांकन लावायला सांगावे: 'पाण' व त्यापुढे तारांकन दिल्यास 'पाणी' आणि 'पाण्याची' दोन्ही सापडतात आणि पुणे दूर राहते.

साधन निवडताना पाणी व पुणे, काळ व केळी, मीठ व मोठा अशा जोड्या वेगवेगळ्या नोंदींत घालून एकीच्या शोधात दुसरी येते का ते पाहावे, आणि ही चाचणी करारात लिहून घेतल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नये. तोंडी आश्वासनावर विसंबू नये. नोंदींची प्रत नियमित ठेवावी. मात्र वॉल पद्धतीने चालणाऱ्या एसक्यूलाइटमध्ये ताजे बदल काही काळ शेजारच्या वेगळ्या फाइलीत असतात, त्यामुळे चालू असताना नुसती मुख्य फाइल उचलून केलेली प्रत अपुरी निघू शकते, म्हणून डेटाबेसची स्वतःची बॅकअप कमांड वापरावी. पासवर्ड स्मृतीत घालू नयेत. बदललेला निर्णय पुसून न टाकता तो कोणत्या नव्या निर्णयाने रद्द झाला याची नोंद जोडावी, म्हणजे छापलेल्या पुस्तिकेतली तारीख कोठून आली हे विचारले गेल्यास दाखवता येते. लेखिकेच्या कार्यालयाला ते याच नोंदींतून दाखवता आले, आणि सल्लागारांच्या देयकाला दिलेल्या लेखी हरकतीसोबत 'पाणी' आणि 'मुदत' या शोधाला पुण्याची बैठक देणारी ती मूळ कमांड, तारखेसह, जशीच्या तशी जोडली आहे.