काचेची संगणकीय सृष्टी

काचेला स्वतःचे असे रूप नसते. तिच्यात दिसते ते भोवतालचेच जग, थोडे वाकलेले, कधी उलटे झालेले. म्हणून काचेची झाडे, काचेचे मनोरे अशी कल्पनासृष्टी संगणकाकरवी चितारू पाहणाऱ्याने प्रथम त्या वस्तूंच्या सभोवती काय आहे ते ठरवावे. रित्या काळोखातील काचेचा गोळा जवळजवळ काळाच दिसेल.

या चित्रणाची रीत अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेचे टर्नर व्हिटेड यांनी १९८० मध्ये प्रसिद्ध केली. प्रकाश दिव्याकडून डोळ्याकडे येतो. गणित मात्र उलट दिशेने, डोळ्यापासून चित्राच्या प्रत्येक बिंदूतून किरण सोडून करावयाचे. काचेवर किरण आदळला की त्याचे दोन होतात: एक परावर्तित, दुसरा वक्रीभूत. काचेचा वक्रीभवनांक सुमारे १.५ असल्याने आतून लंबाशी सुमारे ४२ अंशांहून मोठा कोन करणारा किरण बाहेर न पडता आतच परततो. पुढे प्रत्येक नव्या किरणाची हीच कथा! व्हिटेड यांच्या चित्रात चौकड्यांच्या फरशीवर दोनच गोळे होते, तरी व्हॅक्स-११/७८० संगणकास ७४ मिनिटे लागली.

ही मालिका कोठे तोडावी? एक गोळा ओलांडताना किरणाला दोन पृष्ठभाग भेदावे लागतात. एका रेषेत तीन गोळे असल्यास सहा. त्याआधीच थांबल्यास काचेत काळे डाग उमटतात. नवशिक्याची चित्रे बहुधा येथेच बिघडतात.

सावलीचे दुखणे निराळे. पेल्यामागे मेजावर पडणारी उजळ रेघ या उलट्या वाटेने सहसा हाती लागत नाही. तिच्यासाठी दिव्याकडून निघणारे किरणही मोजावे लागतात.