मनू, आधी गाडीखाली वाकून बघ

मनू, जिम्नी दारात आल्यापासून तुझं एकच पालुपद चाललंय, "ताई, दोन इंच उचलू की तीन?" परवा तर चार इंच उचललेल्या एका गाडीचा फोटो पाठवलास. दिसते झकास, वादच नाही. पण हा विषय फोनवर दोन मिनिटांत उरकायचा नाही, म्हणून निवांत बसून लिहितेय. पैसे तुझ्या घामाचे आहेत, गाडीचे हप्ते अजून चालू आहेत, आणि याच गाडीतून तू रात्री-अपरात्री एकटी घाट उतरणार आहेस. तेव्हा तुला आवडेल ते न सांगता, मला पटतं ते सांगते.

पहिली गोष्ट. गाडीचं नक्की अडतंय कुठे? "उंची कमी पडते" हे उत्तर मला चालणार नाही. गॅरेजमध्ये गाडी रॅम्पवर चढवायला सांग, मोबाईलचा टॉर्च लाव आणि पोटाखालचे ओरखडे शोध. पुढच्या बंपरची खालची कड खरवडली असेल तर तो एक प्रश्न. मधल्या आडव्या पट्टीला खरचटलं असेल तर दुसरा. अ‍ॅक्सलवरच्या गोळ्याला माती-दगड लागलेले दिसले तर तिसरा. आणि मागच्या चाकांच्या पुढे, खालचा आर्म जिथे अ‍ॅक्सलला बसतो ते ब्रॅकेट बघायला विसरू नकोस. ते खाली लोंबतं आणि दगडावर पहिलं तेच आपटतं. या चार ठिकाणांपैकी लिफ्टने सुटतात फक्त पहिली दोन. हे कळेपर्यंत पाकीट उघडायचं नाही.

तुझ्या गाडीला पुढे-मागे दोन्हीकडे अखंड अ‍ॅक्सल आहे. एका चाकापासून दुसऱ्या चाकापर्यंत जाणारी जाड लोखंडी नळी आणि तिच्यावर फुगलेला डिफरन्शियलचा गोळा. माहितीपत्रकातला 210 मिलिमीटरचा ग्राउंड क्लिअरन्स या गोळ्याखालचा. स्प्रिंग उंच घातल्या की बॉडी वर जाते, अ‍ॅक्सल मात्र चाकांच्या मध्यावर जिथल्या तिथे राहतो. दोन इंच लिफ्ट कर नाहीतर चार, गोळ्याखाली 210च.

आता आपल्याकडचे रस्ते आठव. मुळशी, वेल्हे, भोर, पावसात कुठेही जा. भातखाचरांच्या कडेने ट्रॅक्टर जाऊन जाऊन दोन्ही बाजूंना खोल चाकोऱ्या पडलेल्या असतात आणि मधोमध मातीचा वरंबा उभा असतो. चाकं चाकोरीत उतरली की गोळा त्या वरंब्यावर घासत चालतो, आणि चिखल जरा घट्ट असला की नांगरासारखा रुतून बसतो. गाडी तिथे अडकली की जमलेले लोक म्हणतात, "लिफ्ट करून घ्या." लिफ्टने तिथे एक मिलिमीटरसुद्धा मिळत नाही. तिथे मिळतं ते टायरमुळे, आणि तेही व्यासात जेवढी वाढ होते तिच्या निम्मं. एरवी चाकोरीत न उतरता एक चाक वरंब्यावर नि एक कडेच्या काठावर ठेवून नेणं, हे शिकलीस तर ते फुकट आहे.

हिशोब मांडून दाखवते. कंपनीचा टायर 195/80 आर 15, म्हणजे व्यास 693 मिलिमीटर. 215/75 आर 15 घेतलास तर व्यास होतो साधारण 703. गोळ्याखाली पाच मिलिमीटर वाढले. एवढ्यावर नाक मुरडू नकोस, कारण या मापाचा चांगला ऑल-टेरेन टायर रुंदीला जास्त, कडेने मजबूत आणि चिखलात पकड धरणारा असतो, शिवाय लिफ्ट न करता बसतो. 235/75 आर 15 घेतलास तर व्यास जवळपास 733, म्हणजे गोळ्याखाली 20 मिलिमीटर जास्त. पण तो टायर लिफ्टशिवाय घासतो. दोन इंच उचलूनसुद्धा स्टिअरिंग पूर्ण वळवून, एक चाक दगडावर चढवून, आतल्या प्लास्टिकला कुठे लागतंय ते बघावंच लागतं. वर टायर जड. तुझं इंजिन दीड लिटरचं, टॉर्क 134 न्यूटन मीटर. वरंधा घाटात चार माणसं आणि सामान घेऊन चढताना तो जडपणा पायाला जाणवतो, गिअर लवकर खाली घ्यावा लागतो. स्पीडोमीटरही मागे पडतो. काट्यावर 80 असताना गाडी आधीच्यापेक्षा जवळजवळ पाचने जास्त पळत असते.

म्हणून टायर आधी ठरव. लिफ्ट किती, हे अर्धंअधिक तिथेच ठरतं.

मग लिफ्ट करायचीच कशाला? तुझ्या बाबतीत त्याला एक सरळ कारण आहे, आणि ते मला मान्य आहे. तुझी गाडी पाच दारांची. दोन चाकांमधलं अंतर 2590 मिलिमीटर. परदेशात मिळते त्या तीन दारांच्या जिम्नीचं 2250. लांबी वाढली की उंचवटा ओलांडताना पोट टेकतं. पोट न टेकता उंचवटा ओलांडता येतो तो कोन तीन दारांच्या गाडीचा 28 अंश आहे, तुझ्या गाडीचा 24. ताम्हिणीच्या आतल्या वाटांवर एखादा बांध ओलांडताना पुढची चाकं उतरलेली, मागची अजून चढायची आणि मध्ये "खर्रर्र" असा आवाज येतो ना, तो या चार अंशांचा. मी त्रिकोण मांडून पाहिला. 50 मिलिमीटर उचललं की मध्ये सुमारे चार अंश वाढतात. म्हणजे दोन इंचांत तुझी लांब गाडी पोटाच्या बाबतीत त्या आखूड गाडीच्या बरोबरीला येते. पुढच्या बंपरखालचा 36 अंशांचा कोनही थोडा सुधारतो. एवढं तुला पुरेसं आहे. गोव्यातल्या रेनफॉरेस्ट चॅलेंज या ऑफ-रोड स्पर्धेत दिसतात त्या गाड्या स्पर्धेसाठीच बांधलेल्या असतात. त्यांचं माप तू घेऊ नकोस. तुला सोमवारी सकाळी हिंजवडीला जायचंय.

माझं मत विचारशील तर 40 ते 50 मिलिमीटर. त्याच्यापुढे तुझ्या बजेटमध्ये जाऊच नकोस. उंच स्प्रिंग फार महाग असतात अशातला भाग नाही. उंचीमागून येणारी कामं खर्चात टाकतात, आणि ती दुकानदार आधी सांगत नाही.

काय होतं बघ. पुढचा अ‍ॅक्सल दोन लांब आर्मनी चॅसिसला धरलेला असतो. बॉडी वर गेली की ते आर्म तिरके होतात आणि अ‍ॅक्सल किंचित फिरतो. त्याने कॅस्टर कमी होतो. कॅस्टर म्हणजे चाक ज्या अक्षाभोवती वळतं त्याचा असा कल, ज्यामुळे वळणानंतर स्टिअरिंग हात सैल सोडताच आपोआप सरळ होतं. तो कमी झाला की गाडी एक्स्प्रेस-वेवर भटकायला लागते. ट्रक शेजारून गेला की हलते, सारखं सावरत बसावं लागतं. 50 मिलिमीटरपर्यंत हा दोष कॅस्टर दुरुस्त करणारे बुश घालून आवरता येतो. चार इंचांत बुशने भागत नाही, आर्म किंवा त्यांचे ब्रॅकेट बदलावे लागतात. अ‍ॅक्सलला आडवा धरणारा पॅनहार्ड रॉडही तिरका होतो आणि अख्खा अ‍ॅक्सल एका बाजूला सरकतो. दोन इंचांत थोडाच, पण पुढे तो लांबी बदलता येणारा घ्यावा लागतो. शाफ्टच्या जोडांचा कोन वाढून ठरावीक वेगाला गाडी थरथरायला लागते. ब्रेकचे होज अपुरे पडतात. या प्रत्येकाचं बिल वेगळं येतं, आणि यातलं काहीही राहिलं तर गाडी उंच दिसते पण चालवायला भीती वाटते.

स्वस्तातला स्पेसर सुचवतील तुला. स्प्रिंगच्या डोक्यावर रबराची किंवा पॉलियुरेथेनची जाड चकती ठेवली की काम झालं म्हणतात. उंची मिळते, हे खरं. पण शॉकअप जुनेच असतील तर त्यांची लांबी तेवढीच राहते. बॉडी 50 मिलिमीटर वर गेली म्हणजे शॉकअप आधीच तेवढा ताणलेला, आणि चाकाला खाली लटकायला तेवढी जागा कमी. अखंड अ‍ॅक्सलच्या गाडीचा सगळा गुण एक चाक वर गेलं तरी दुसरं जमिनीला टेकून राहण्यात आहे, आणि चकती नेमका तोच काढून घेते. खड्ड्यात शॉकअप पूर्ण ताणला जाऊन "ठक्" वाजतो. तसाच वापरत राहिलं की सील जातं आणि तेल गळतं. पैसे कमी असतील तर चकतीपेक्षा मी लिफ्टच करू नको म्हणेन.

स्प्रिंग घेताना वजनाचं सांग, ते फार महत्त्वाचं आहे. उंची गाडीवरच्या वजनावर ठरते. पुढे लोखंडी बंपर आणि विंच येणार असेल तर साध्या गाडीसाठी बनलेली 50 मिलिमीटरची स्प्रिंग दबते आणि पैसे पाण्यात जातात. उलट जड गाडीसाठीची कडक स्प्रिंग रिकाम्या गाडीला घातली तर ती पाठ मोडते. मागे बसलेली आई पहिल्याच गतिरोधकावर तुला बोलेल. आईवरून आठवलं, तिचे गुडघे दुखतात. दोन इंच म्हणजे तिला पाऊल आणखी वर टाकायला लागणार. चार इंचांत ती चढणारच नाही, आणि तू तिला गावाला न्यायला ही गाडी घेतलीस. पायरी लावायची तर ती लोंबून कोन पुन्हा खाणार नाही ना, हेही बघावं लागेल.

पैशांचं असं कर. सगळं एकदम नको. या वर्षी 215/75चे पाच टायर घे. पाचच, चार नाहीत, कारण पंक्चरनंतर फोर-व्हीलमध्ये वेगळ्या व्यासाचं स्टेपनी चाक लावलं की गिअर-शाफ्टवर ताण येतो. सोबत प्रेशर गेज, हवा भरायचा छोटा कॉम्प्रेसर, ओढायचा चांगला पट्टा, दोन शॅकल. चिखलात टायरची हवा 20 पीएसआयच्या आसपास उतरवलीस की टायर पसरतो आणि जी पकड मिळते ती कुठल्याही लिफ्टने मिळत नाही. फक्त डांबरी रस्त्याला लागण्याआधी परत भर. एक पावसाळा असा काढ. मग पुन्हा गाडीखाली वाक. ओरखडे मध्येच पडत असतील तर पुढच्या वर्षी स्प्रिंग आणि त्यांच्या लांबीला जुळणारे शॉकअप एकाच संचातले घे. शंभरातले दहा रुपये कॅस्टर बुश, होज आणि अलाइनमेंटसाठी बाजूला ठेवायचे, त्यांना हात लावायचा नाही. आणि ओरखडे गोळ्यावर नि ब्रॅकेटवरच असतील तर स्प्रिंग घेऊच नकोस, तेवढ्यात चांगल्या जाडीची स्किड प्लेट येते.

कायद्याचंही बोलते, कंटाळा करू नकोस. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे गाडीची नोंद आणि कंपनीने दिलेला तपशील यांच्याशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये हे पुन्हा ठामपणे सांगितलं. परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, असं कलम 182अ मध्ये आहे. म्हणून काम करण्याआधी आरटीओत विचार, विमा कंपनीला लेखी कळव आणि उत्तर जपून ठेव. अपघातानंतर विमा नाकारला गेला तर त्यात वाचवलेले सगळे पैसे जातील. वॉरंटीचंही सर्व्हिस सेंटरला आधी विचार.

काम बसवायच्या दिवशी स्वतः तिथे थांब. आर्मच्या बुशांचे बोल्ट गाडी हवेत असताना घट्ट आवळू देऊ नकोस. आधी हलकेच लावायचे, गाडी चाकांवर उतरवायची, बॉडी दोनदा दाबून बसवायची आणि मग आवळायचे. नाहीतर रबराचा बुश कायमचा पिळलेला राहतो आणि काही महिन्यांत फाटतो. घाई असली की हे हमखास राहतं. मग एक चाक जॅकवर पूर्ण लटकू दे आणि ब्रेकचा होज नि एबीएसची वायर बोटाने चाचपून बघ, ताणलेली नको. हेडलाइट खाली करून घे, समोरच्याच्या डोळ्यांत जातील. पाचशे किलोमीटरनंतर सगळे बोल्ट पुन्हा तपास. आणि पहिले काही दिवस वळणावर वेग कमी ठेव, गाडी उंच झालीये पण रुंदी तेवढीच आहे. छतावर कॅरिअर लादायचा मोह तर टाळच.

या शनिवारी एवढं कर. टाकी पूर्ण भर, नेहमीचं सामान गाडीत ठेव, सपाट जागी उभी कर. प्रत्येक चाकाच्या मधल्या बिंदूपासून वरच्या फेंडरच्या कडेपर्यंत टेपने मोज आणि चारही आकडे मला पाठव, ओरखड्यांच्या फोटोंसकट. नंतर कुणी "दोन इंच दिले" म्हटलं की हेच आकडे त्याच्यासमोर ठेवायचे.