वृद्धांची औषधे आणि घरातील नोंद

२०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात साठ वर्षे व त्यापुढील वयाच्या व्यक्तींची संख्या सुमारे १ कोटी ११ लाख होती. रक्तदाब, मधुमेह, संधिवात हे विकार या वयात बहुधा एकेकटे येत नाहीत. त्यामुळे खेडोपाडी अनेक घरांत खुंटीला अडकवलेली गोळ्यांची एक पिशवी आढळते. तीत प्राथमिक आरोग्य केंद्रातून मिळालेल्या गोळ्या असतात, तालुक्याच्या खाजगी डॉक्टरांनी लिहून दिलेल्या असतात आणि मुलाने शहरातून आणलेल्या ‘ताकदीच्या’ गोळ्याही असतात. औषध देणाऱ्या प्रत्येकास आपण दिलेले औषध ठाऊक असते. संपूर्ण पिशवी मात्र कोणीच पाहिलेली नसते. वृद्धांना औषधांपासून होणारे पुष्कळसे अपाय येथूनच उद्भवतात.

एकच औषध, दोन नावे

एकच औषध निरनिराळ्या कंपन्या निरनिराळ्या नावांनी विकतात. रक्तदाबावरील अ‍ॅम्लोडिपिन सरकारी दवाखान्यातून मूळ नावाने मिळते, तर दुकानातून दुसऱ्याच नावाने. ही दोन औषधे समजून दोन्ही गोळ्या घेतल्या, की मात्रा दुप्पट होते. पाय सुजतात, उठताना चक्कर येऊन तोल जातो आणि पडण्याचा दोष वयाला दिला जातो. मूळ नाव वेष्टनावर छापलेले असते, परंतु बारीक इंग्रजी अक्षरांत. म्हाताऱ्या माणसाने ते वाचावे, ही अपेक्षाच चुकीची आहे.

गुडघेदुखीसाठी परस्पर आणलेल्या गोळ्यांचा प्रश्न याहून गंभीर आहे. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन यांसारख्या वेदनाशामकांनी रक्तदाब वाढू शकतो. त्यातच टेल्मिसार्टन आणि लघवीवाटे पाणी काढून टाकणारी गोळी चालू असेल, तर मूत्रपिंडास इजा होण्याचा धोका वाढतो. झाडपाल्याचे औषध निरुपद्रवीच असते, हा समजही खरा नव्हे. खोकल्यावरचे ज्येष्ठमध मोठ्या प्रमाणात बरेच दिवस घेतल्यास रक्तदाब चढतो.

वेळ आणि वार

थायरॉक्सिनची गोळी सकाळी उपाशीपोटी घ्यावयाची असते. कॅल्शियमची गोळी तिच्यासोबत घेतल्यास थायरॉक्सिनचे शोषण कमी होते. म्हणून दोहोंत चार तासांचे अंतर ठेवतात. लोहाची गोळी चहाबरोबर घेतल्याने तिचा गुण पुरेसा येत नाही. ‘ड’ जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटांची मात्रा सामान्यतः आठवड्यातून एकदा दिली जाते. शक्तिवर्धक म्हणून ती रोज घेतल्यास रक्तातील कॅल्शियम धोकादायक प्रमाणात वाढू शकते. संधिवातावरील मेथोट्रेक्सेटही आठवड्यातून एकदाच घ्यावयाचे असते. ते चुकून रोज घेतल्याने मृत्यू ओढवल्याची उदाहरणे आहेत. अशा औषधाचा वार मराठीत, ठळक अक्षरांत पाकिटावर लिहून ठेवणे अगत्याचे आहे.

उपवासाच्या दिवशी आणखी एक प्रसंग उद्भवतो. आजी एकादशीला जेवत नाहीत, पण मधुमेहावरील ग्लिमेपिराइडची गोळी नेमाने घेतात. दुपारी घाम सुटतो, हात थरथरतात, बोलणे असंबद्ध होते. रक्तातील साखर उतरल्याची ही लक्षणे होत. शुद्ध असेल तर तत्काळ साखरेचे पाणी द्यावे; शुद्ध हरपली असल्यास तोंडात काहीही न घालता दवाखान्यात न्यावे. उपवासाच्या दिवशी गोळीचे काय करावयाचे, हे डॉक्टरांना आधीच विचारलेले बरे. गोळी स्वतःच्या मनाने कायमची बंद करणे हाही धोकाच आहे.

नोंद कोणी करावी

यासाठी वहीचे एक पान पुरते. त्यावर औषधाचे मूळ नाव, ते कशासाठी व कोणी दिले, केव्हा घ्यावयाचे, एवढेच लिहावे. टॉनिक, चूर्ण व काढेही त्यात यावेत. हे काम शाळेत जाणारा नातू करू शकतो, मात्र शिक्षकाने किंवा आशा कार्यकर्तीने ते एकवार वेष्टनांशी ताडून पाहावे. मग ते पान व पिशवी दोन्ही उपकेंद्रातील समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना अथवा प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरांना दाखवावीत. कोणते औषध वगळावयाचे, हा निर्णय त्यांचाच. ग्रामपंचायत सदस्यांनी आपल्या वॉर्डातील एकट्या राहणाऱ्या वृद्धांपासून सुरुवात करावी. त्यांच्या घरी वाचून दाखवणारे कोणी नसते.

गोळ्यांची पट्टी कापून सुटे तुकडे डब्यात टाकण्याची सवय पुष्कळ घरांत आहे. त्यात नाव आणि मुदतीची तारीख नेमकी हरवते. पट्टी नावाच्या विरुद्ध टोकाकडून वापरावी आणि तो छापील तुकडा नवी पट्टी येईपर्यंत जपून ठेवावा.