दिवे लख्ख, तरी सेल्फ गप्प

प्रश्न : आमची पेट्रोलवरची छोटी गाडी सात वर्षांची आहे. गेल्या पावसाळ्यापासून अधूनमधून सकाळी चावी फिरवली की नुसता 'टिकटिकटिक' आवाज येतो, सेल्फ फिरतच नाही. हेडलाइट मात्र लख्ख लागतात, हॉर्नही खणखणीत वाजतो. गॅरेजमध्ये बॅटरी बदलायला लावली. महिनाभर गाडी छान चालली आणि पुन्हा तेच सुरू झाले. आता सेल्फ बदला म्हणतात. दिवे लागतात म्हणजे बॅटरी चांगली असते ना? मग बिघाड नेमका कुठे शोधायचा?
ता. क. गाडी आठवडाभर उभी राहिली तर त्रास जास्त होतो. का?
— एक वाचक भगिनी, चिपळूण

उत्तर : दिवे लागले म्हणजे बॅटरी ठीक, हा समज फार पसरलेला आहे आणि त्यापायी लोकांचे पुष्कळ पैसे वाया जातात. तुमच्याकडे कुणाच्या शेतात विहीर असेल तर हा अनुभव तुम्हाला ओळखीचा असेल. लाइन कमी दाबाने आलेली असते, खोपटातला बल्ब बऱ्यापैकी पेटतो, पण पंपाची मोटार नुसती हुंकारते आणि उचलत नाही. बल्बाला लागणारी वीज आणि मोटारीला लागणारी वीज यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. गाडीतही अगदी तेच घडते.

आकड्यांतच पाहू. तुमचे दोन्ही हेडलाइट मिळून साधारण 9 अँपिअर घेतात. छोट्या पेट्रोल इंजिनाला फिरवताना सेल्फ 100 ते 150 अँपिअर ओढतो. आता वाटेत कुठे तरी एक सांधा गंजला आहे आणि त्याचा रोध फक्त 0.03 ओहम आहे असे धरा. हेडलाइटच्या 9 अँपिअरला तिथे जेमतेम पाव व्होल्ट खर्च होतो आणि डोळ्याला काही कळत नाही. त्याच सांध्यातून सेल्फने 120 अँपिअर मागितले तर 3.6 व्होल्ट तिथेच जिरतात. सेल्फ चालू असताना चांगली बॅटरीसुद्धा 12.6 वरून साडेदहा-अकरापर्यंत उतरते. त्यातून हे वजा केले तर सेल्फच्या वाट्याला उरतात सात व्होल्ट. तेवढ्यावर इंजिन काय फिरणार?

टिकटिक कशाची, तेही समजून घ्या, कारण तो आवाजच अर्धे निदान करतो. सेल्फच्या पाठीवर सॉलेनॉइड नावाचा विजेचा स्विच असतो. चावी फिरवली की तो आतला दट्ट्या ओढून जाड कॉन्टॅक्ट जोडतो. जोडल्याबरोबर सेल्फ भसकन प्रवाह ओढतो, दाब कोसळतो, दट्ट्या धरून ठेवण्याइतकीही ताकद उरत नाही आणि स्प्रिंग त्याला मागे ढकलते. प्रवाह तुटला की दाब पुन्हा वर येतो आणि दट्ट्या पुन्हा ओढला जातो. हे सेकंदाला अनेकदा होते, म्हणून टिकटिकटिक. म्हणजे सॉलेनॉइड आपले काम करतो आहे, त्याला पुरेसा दाब टिकवून मिळत नाही. सेल्फ खराब असता, त्याचे कार्बन झिजले असते किंवा कॉन्टॅक्ट जळाले असते, तर बहुतेक वेळा एकच 'खट्' आवाज येऊन सगळे थांबले असते. आवाजच आला नसता तर मी आधी फ्यूज, रिले, इग्निशन स्विच आणि काही गाड्यांत क्लचखाली असतो तो स्विच पाहायला सांगितले असते. आणि सेल्फ जोमाने फिरूनही इंजिन सुरू होत नसेल, तर तो आजारच वेगळा. तिथे पेट्रोल पंप, सेन्सर नाहीतर चावीतली चिप यांकडे बघावे लागते.

तुमच्या पत्रातली मला सर्वांत मोलाची वाटलेली गोष्ट म्हणजे नवी बॅटरी महिनाभर चालली. बॅटरी बदलताना माणूस टर्मिनल सोडवतो, घासतो, पुन्हा आवळतो, केबल हलते. नकळत सांधा थोडा सुधारतो. शिवाय कोरी बॅटरी दाब जरा जास्त टिकवून धरते. दोन्ही मिळून दुखणे महिनाभर झाकले गेले. कोकणच्या दमट, खारट हवेत उघडे तांबे हिरवे पडायला वेळ लागत नाही. म्हणून माझा पहिला संशय अर्थिंगवर आहे, म्हणजे बॅटरीच्या ऋण टोकापासून बॉडीला आणि तिथून इंजिनाला जाणाऱ्या पट्टीवर किंवा केबलवर. दोन पावसाळ्यांपूर्वी माझ्या स्वतःच्या गाडीत हेच निघाले. पट्टी वरून धडधाकट दिसत होती, बोल्ट खोलल्यावर आत हिरवी भुकटी. कुणीही नवी बॅटरी सुचवावी अशीच लक्षणे होती.

आता खात्री करू. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, हातातली अंगठी-बांगडी काढलेली. रात्री गाडी भिंतीसमोर उभी करून हेडलाइट लावा आणि घरातल्या कुणाला चावी फिरवायला सांगा. सेल्फ मागताना दिवे पार विझत आले तर दोष बॅटरीत किंवा तिच्या टर्मिनलवर. दिवे उजळ राहून टिकटिक झाली तर बॅटरी निर्दोष आहे आणि अडथळा बॅटरी ते सेल्फ किंवा इंजिन ते बॉडी या वाटेत आहे. तुम्ही दिवे लख्ख म्हणता, ते चावी फिरवतानाही लख्खच असतात का, एवढे बघितले की निम्मे काम झाले.

पुढची परीक्षा त्याहून सोपी. जंप स्टार्टच्या केबलमधली काळी केबल घ्या. एक चिमटा तुमच्याच बॅटरीच्या ऋण टोकाला आणि दुसरा इंजिनाच्या रंग नसलेल्या उघड्या धातूला लावा. टोक पट्ट्यांपासून आणि पंख्यापासून दूर असू द्या. चावी फिरवा. गाडी झटक्यात सुरू झाली तर अर्थिंगचा दोष सिद्ध झाला. नवी पट्टी सेल्फच्या मानाने फार स्वस्त पडते.

मल्टिमीटर असेल तर आणखी नेमके कळेल. तो 20 व्होल्ट डीसीवर ठेवून काळे टोक बॅटरीच्या ऋण खांबावर टेकवा, क्लॅम्पवर नाही, आणि लाल टोक इंजिनावर. सेल्फ मारताना 0.2-0.3 व्होल्टच्या आत असेल तर ठीक, अर्ध्याच्या वर गेले तर सांधा खातोय. धन बाजूला बॅटरीच्या खांबापासून सेल्फच्या जाड बोल्टपर्यंतही अर्ध्या व्होल्टहून अधिक नसावे. ही मापे चावी फिरवलेली असतानाच घ्यायची. प्रवाह वाहत नसताना गंजलेला सांधाही मीटरवर निरोगी दिसतो आणि म्हणूनच उभ्या गाडीची बॅटरी मोजून दिलेल्या निर्णयावर माझा विश्वास नाही.

टर्मिनल साफ करताना ऋण टोक आधी सोडवा आणि शेवटी जोडा. पांढरी-निळसर भुकटी असेल तर कोमट पाण्यात खायचा सोडा घालून धुवा, कोरडे करा, घासा, आवळा आणि मग वरून पेट्रोलियम जेली लावा.

एक विनंतीही आहे. सेल्फ सलग दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नका आणि मध्ये मिनिटभर थांबा. अ‍ॅम्बेसेडरच्या काळात बॅटरी बसली तर पुढून हँडल मारता येत असे, आता ती सोय नाही. चार्ल्स केटरिंगने बनवलेला इलेक्ट्रिक सेल्फ 1912 च्या कॅडिलॅकमध्ये आला, त्यामागचा विचारच असा होता की मोटारीला काही क्षणच राबायचे आहे, तेव्हा लहान मोटारीवर तेवढ्यापुरता मोठा भार टाकला तरी चालेल. ते क्षण लांबवले की गुंडाळी तापते आणि मग खरोखरच सेल्फ बदलावा लागतो.

आता ता. क. चे. बंद गाडीतही घड्याळ, अलार्म, कंप्युटर थोडी वीज पितात. 20 ते 50 मिलिअँपिअर इतके चालते. 50 ने दिवसाला 1.2 अँपिअर-तास जातात, म्हणजे 35 अँपिअर-तासाच्या बॅटरीतले आठवड्याला साडेआठच्या आसपास. एवढ्याने चांगली गाडी अडत नाही, पण सांधा आधीच दुबळा असेल तर थोडी उतरलेली बॅटरीही पुरी पडत नाही. डिकीतला 5 वॅटचा दिवा विझतच नसेल तर मात्र रोज 10 अँपिअर-तास जातील आणि तीन दिवसांत गाडी उभी राहील. नंतर बसवलेला स्टिरिओ, जीपीएस, कॅमेरा यांच्यावर आधी संशय घ्या. ऑटो इलेक्ट्रिशियनला ऋण केबलमध्ये मीटर लावून, गाडी लॉक करून अर्धा तास थांबून, मग एकेक फ्यूज काढत मोजायला सांगा. ज्या फ्यूजला आकडा पडेल, त्या सर्किटमध्ये गळती आहे.

सेल्फ अजून बदलू नका. काळ्या केबलची परीक्षा या रविवारी करून पाहा आणि तेव्हा दिवे उजळ राहिले की मंदावले, ते मला पत्राने कळवा.