वीझलचे गणगोत

ब्राह्मणी आणि मुंगूस यांची पंचतंत्रातील कथा आपण सर्वांनी लहानपणी ऐकली आहे. पाळण्यातल्या मुलाला सापापासून वाचविणाऱ्या मुंगसाचे रक्ताळलेले तोंड पाहून त्या माउलीने त्याच्यावर घागर टाकली, आणि मग जन्मभराचा पश्चात्ताप! ही कथा सहाव्या शतकात इराणात गेली. आठव्या शतकात इब्न अल्-मुकफ्फा याने ती 'कलीला व दिम्ना' या ग्रंथातून अरबीत आणली. अरबीत मात्र मुंगसाच्या जागी वीझल बसला. पुढे युरोपात तोही गेला आणि त्याच्या जागी कुत्रा आला. वाचकाला ओळखीचे जनावर हवे, एवढाच भाषांतरकारांचा हेतू असावा. आपण तरी वेगळे काय करतो? इंग्रजीच्या धड्यात वीझल आला की समासात 'मुंगसासारखा प्राणी' असे लिहून मोकळे होतो.

दिसण्यापुरते ते खरे आहे. लांबुळके अंग, आखूड पाय, बिळात शिरण्याची हौस आणि अंगापेक्षा मोठी हिंमत ही दोघांचीही लक्षणे. परंतु नाते पाहू गेल्यास अरबी भाषांतरकारापेक्षा युरोपातला भाषांतरकारच अधिक जवळ पोचला, असे म्हणावे लागते. वीझल हा मुंगसापेक्षा कुत्र्याच्या जवळचा आहे!

मांसाहारी सस्तन प्राण्यांच्या गणाचे दोन मोठे वाडे आहेत. एक मांजराचा, दुसरा कुत्र्याचा. मांजराच्या वाड्यात वाघ, बिबट्या, उदमांजर, मुंगूस आणि तरस. कुत्र्याच्या वाड्यात लांडगा, कोल्हा, अस्वल, समुद्रातला सील आणि आपला वीझल. तरस दिसते कुत्र्यासारखे, पण ते मुंगसाचे भाऊबंद, हे वाचून मला स्वतःला बराच वेळ पटले नव्हते. शास्त्रज्ञ येथे कातडीच्या रंगावर विसंबत नाहीत, कवटी पाहतात. कानामागे हाडाचा जो फुगीर कप्पा असतो, तो मांजराच्या वाड्यात आतील पडद्याने दुभागलेला असतो. कुत्र्याच्या वाड्यात तो पडदा नसतो किंवा अर्धवट असतो. वीझलच्या कुळात आणखी एक खूण आहे. मांस कापणाऱ्या मोठ्या दाताच्या मागे वरच्या जबड्यात दर बाजूला एकच दाढ उरलेली असते. पायांना पाच-पाच बोटे आणि शेपटीखाली उग्र वासाच्या ग्रंथी असतात. वासाच्या ग्रंथी मुंगसालाही आहेतच, म्हणून केवळ वासावरून कूळ ठरवता येत नाही. या वासामुळेच अमेरिकेतील स्कंक पूर्वी वीझलच्या कुळात गणला जाई. आनुवंशिक अभ्यासानंतर त्याचे स्वतंत्र कूळ मानले गेले.

या कुळाचे शास्त्रीय नाव मुस्टेलिडी. लिनियसने १७५८ मध्ये 'मुस्टेला' या एकाच प्रजातीत पाणमांजरालाही बसविले होते. आज कुळात साठांहून अधिक जाती मानतात. त्यांतील सर्वांत लहान वीझल मुठीत मावेल एवढा, तर समुद्री पाणमांजर चाळीस किलोंच्याही वर जाते. बारीक लांब अंगातून उष्णता लवकर निघून जाते, म्हणून लहान वीझलला रोज स्वतःच्या वजनाच्या एक तृतीयांश किंवा त्याहूनही अधिक खावे लागते. स्टोट नावाच्या भाऊबंदाची गोष्ट अधिक नवलाची. त्याची मादी उन्हाळ्यात फळते, पण गर्भ कित्येक महिने वाढीविना थांबून राहतो आणि पिले पुढच्या वसंतात होतात. चित्रकलेच्या विद्यार्थ्यांना 'सेबल'चा महागडा ब्रश ठाऊक असेल. तो पुष्कळदा सायबेरियन वीझलच्या शेपटीच्या केसांचा असतो. आपल्याकडे मुंगसाच्या केसांचेही ब्रश होतात, पण तो व्यापार बेकायदा आहे.

खरे वीझल भारतात आहेत ते हिमालयात व ईशान्येकडे. विदर्भात एकही नाही. पण त्यांचे कूळ महाराष्ट्रात आहे. सिंधुदुर्गातील खाड्यांत पाणमांजर आहे. आणि बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, संग्रामपूर तालुक्यातील अंबाबरवा अभयारण्य ज्या मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे, त्या मेळघाटच्या जंगलात या कुळाचा एक जबर पुरुष राहतो : चांदी अस्वल. इंग्रजीत हनी बॅजर, हिंदीत बिज्जू. पाठ पांढुरकी, खालचे अंग काळेभोर, कातडी जाड व इतकी सैल की मानेला धरले तरी आत वळून चावा घेतो. पोळ्यातील मध व अळ्या, उंदीर, सरडे, साप, काहीही त्याला चालते. नागाचे विष स्नायूंवरील ज्या रेणूला चिकटते, तो रेणू मुंगसात बदललेला असल्याचे १९९२ मध्ये दाखविण्यात आले. चांदी अस्वलातही तो बदललेला असल्याचे २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले, पण बदल निराळ्या तऱ्हेचा. दोन वाड्यांतले दोघे, गरज एक आणि तोड आपापली!

आता नावांचा घोळ पाहा. 'मसण्या ऊद' हे नाव कुठे चांदी अस्वलाला, तर कुठे उदमांजराला म्हणजे कांडेचोराला दिले जाते. स्मशानातील प्रेते उकरतो हा आरोप त्या नावातच आहे. मेलेले जनावर चांदी अस्वल खाते हे खरे, पण त्याच्या लांब नख्या मुख्यतः बिळांतले उंदीर व किडे काढण्यासाठी असतात, आणि भुसभुशीत माती त्याला सोयीची पडते. नावाची दहशत एवढी की रात्री दिसलेले जनावर कोणते हे न पाहताच काठी उचलली जाते, आणि मार बहुधा निरुपद्रवी कांडेचोराला बसतो, कारण तोच वस्तीजवळ, कौलांत, ताडामाडांवर वावरतो. चांदी अस्वलाला १९७२ च्या वन्यजीव कायद्याने पहिल्या अनुसूचीत संरक्षण दिले आहे.

ओळख पटविणे काही अवघड नाही. शेपूट जवळजवळ अंगाएवढी लांब आणि जनावर झाडावर चढले, तर तो कांडेचोर. शेपूट आखूड, पाठीवर पांढरी झूल टाकल्यासारखी आणि धुळीत पाच बोटांपुढे नख्यांचे लांब ओरखडे, तर ते चांदी अस्वल. लोकांनी त्याला अस्वल म्हटले हे शास्त्राच्या दृष्टीने फारसे चुकलेले नाही, कारण अस्वलही कुत्र्याच्याच वाड्यातले.